अपघाताचा दावा आणि सक्षम शिष्यवृत्ती: माझा अनुभव

शिकत्या वयात दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे जायबंदी झालं तर कुठे कुठे दाद मागता येते, हे मला कुणीच एका जागी सांगितलं नव्हतं. थोडं वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंकडून कळलं, थोडं पोलीस ठाण्यातल्या हवालदारांकडून, थोडं कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडमकडून. मोटार अपघाताचा माझा दावा नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाली निघाला आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या सक्षम शिष्यवृत्तीचं माझं दुसरं वर्ष चालू आहे. म्हणून जे जसं घडलं तसं लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. दाव्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागतं, शिष्यवृत्ती ते विचारतच नाही. दाव्याचा निकाल लागेल, मग शिक्षणाचं बघू, असं म्हणत कुणी थांबू नये.

सप्टेंबर २०२२. मी सिव्हिल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला होते, वय १९. सकाळी एसटीच्या थांब्यावर उभी असताना एक पिकअप थांबलेल्या बसच्या डाव्या अंगाने घुसला. माझ्या डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, कातडी सोलून निघाली आणि पाऊल वर उचलणारी नस दुखावली. त्या दिवसाचं यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते पहिल्या आठवड्याबद्दल, कारण पुढची तीन वर्षं त्या आठवड्यातल्या कागदांवर उभी राहिली. दवाखान्यात भरती करताना डॉक्टरांनी एमएलसी नोंदवली, म्हणजे हा पोलिसांना कळवायचा अपघात आहे अशी नोंद. त्यात जखमी कशामुळे झालं याची एक ओळ असते. 'पडून' असं लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात गाडीने धडक दिलेली असेल, तर विमा कंपनीचा वकील पुढे त्याच ओळीवर बोट ठेवतो. माझ्या बाबतीत मामांनी ती ओळ तिथेच वाचून घेतली. 'पिकअपची धडक' असं स्पष्ट लिहिलं होतं. फिर्याद मामांनीच दिली. तेव्हा जुनी दंडसंहिता होती, त्यामुळे कलम २७९, ३३८ आणि मोटार वाहन कायद्याचं १८४ लागलं. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ ही कलमं लागतात. माझा जबाब वॉर्डातच घेतला. वेदनाशामक इंजेक्शनांच्या गुंगीत होते, म्हणून आईने हवालदारांना विनंती केली की उद्या या. ते दुसऱ्या दिवशी आले. अशी विनंती करता येते. जबाब पूर्ण वाचून मगच सही करा.

घटनास्थळाचा पंचनामा आणि त्यासोबतचा हाताने काढलेला नकाशा, हे दोन कागद माझ्या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे ठरले. डांबरी रस्त्याच्या कडेपासून रक्ताचे डाग किती अंतरावर होते ते त्यात नोंदवलेलं होतं. मी रस्त्यावर नव्हते, साइडपट्टीवर होते, हे सांगणारा तोच एक त्रयस्थ पुरावा. मामांनी त्या संध्याकाळी त्या जागेचे फोटोही काढून ठेवले होते.

१ एप्रिल २०२२ पासून केंद्राचे नवे नियम लागू आहेत. त्यांनुसार तपासी अंमलदाराने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला (म्हणजे असे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला) आणि विमा कंपनीला द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे नियम काटेकोर पाळा असा आदेश दिला. आमच्याकडे मात्र दिवाळी उलटली तरी पिकअपची विमा पॉलिसी कोणत्या कंपनीची आहे हेसुद्धा आम्हाला कळलं नव्हतं. शेवटी मामांनी लेखी अर्ज दिला: गुन्ह्याची प्रत, पंचनामा, नकाशा, गाडीचं आरसी, पॉलिसी, चालकाचा परवाना आणि आरटीओच्या निरीक्षकांचा गाडी तपासणीचा अहवाल हवा आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. तोंडी विचारणाऱ्याला 'साहेब बाहेर आहेत' हे उत्तर मिळत राहतं. पोच असलेल्या अर्जाला मात्र उत्तर द्यावं लागतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सगळी प्रत हातात आली.

तोवर खर्चाने घर वाकलं होतं. पायाला बाहेरून सळ्यांची चौकट बसवली होती, मग आतून रॉड, मग कातडी लावायची शस्त्रक्रिया. कातडीचा भाग केशरी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला, बाकी आम्ही भरलं. सही-शिक्क्याच्या बिलांची बेरीज पुढे २,४३,००० रुपये निघाली. प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच जास्त होता, पण रिक्षा, खासगी गाडी, आईची बुडालेली रोजंदारी यांची बिलं नसतात. आईने मात्र औषधाच्या दुकानातली प्रत्येक पावती डॉक्टरांच्या चिठ्ठीला टाचून ठेवली. चिठ्ठीविना पावतीवर पुढे हरकत घेतली जाते, त्यामुळे ही सवय फार कामाला आली. जे आज या प्रसंगातून जात आहेत त्यांच्यासाठी एक बदल झाला आहे: मे २०२५ पासून केंद्राची रोख रक्कम न भरता उपचारांची योजना लागू आहे. तीत अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत होतात. भरती करताना तिच्याबद्दल विचारा.

जानेवारी २०२३ मध्ये विमा कंपनीच्या वतीने एक गृहस्थ घरी आले. फार सौजन्याने बोलले. म्हणाले, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात, चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही, या फॉर्मवर सही केली की महिन्याभरात पैसे खात्यावर. बाबांनी त्या दिवशी सोसायटीचं कर्ज काढायचं ठरवलं होतं. अडीच लाख हा आकडा ऐकून घरात सगळे गप्प झाले. आज्जी म्हणाली, "पायाचे पैसे मागत कोर्टात कशाला फिरायचं? देतायत तेवढे घ्या नि पोरीला उभं करा." तिचं बोलणं मला लागलं, तरी तिची भीती खरी होती. कोर्ट म्हटलं की आमच्याकडे जमिनीच्या भांडणात गेलेली आयुष्यं आठवतात.

मामांनी त्यांना आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं आणि आम्ही जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. ही माहिती प्रत्येक मुलीपर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि मुलं यांनाही तोच हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. आम्ही एक साधा अर्ज आणि आधारची झेरॉक्स दिली. दवाखान्यात असताना एक जण 'जे मिळेल त्यातले पंचवीस टक्के' असं ठरवायला आला होता. निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे, हे त्या कार्यालयात कळलं.

तिथून मिळालेल्या वकील मॅडमनी तो फॉर्म वाचला आणि एक ओळ दाखवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ खालची रक्कम तडजोड म्हणून एकदा स्वीकारली, की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. अडीच लाख घेऊन मोकळं व्हायचं, की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करून पूर्ण नुकसान मागायचं, यातलं एकच निवडता येतं. त्यांनी निर्णय आमच्यावर सोडला. ज्या घरात खरंच दुसरा उपाय नाही, साक्षीदार नाही, कागद नाहीत, त्यांनी अडीच लाख घेतले तर त्यात काही गैर नाही असंही त्या म्हणाल्या. मी दाव्याच्या बाजूने बोलले. भरपाई म्हणजे कुणाची दया आहे असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. माझा पाय एका माणसाच्या घाईने असा झाला होता आणि त्या गाडीचा विमा नेमक्या याच कारणासाठी काढलेला होता. बाबांनी कर्ज काढलं.

दावा फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखल झाला. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी त्या भरवशावर कुणी राहू नये. दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात करावा लागतो असा आमचा समज होता. प्रत्यक्षात आपण राहतो त्या जिल्ह्यातही तो करता येतो. त्यामुळे आम्ही घराजवळच्या न्यायाधिकरणात केला. कुबड्यांवर प्रवास करणाऱ्या माणसाला हा केवढा दिलासा आहे हे सांगायला नको.

त्यानंतर बराच काळ फक्त तारखा पडत गेल्या. नोटीस बजावणी झाली नाही, पत्ता बदलला, पुन्हा नोटीस. चालक आणि मालक आलेच नाहीत, त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चाललं. समोर फक्त कंपनीचे वकील. ज्याच्यावर मला राग होता तो माणूस त्या खोलीत नव्हताच, हे पचवायला वेळ लागला. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा वेगळा नंबर, घातला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते घरबसल्या दिसतं, त्यामुळे प्रत्येक तारखेला जावं लागत नाही.

याच काळात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम चाललं होतं. स्वावलंबन या केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या संकेतस्थळावर अर्ज केला. अर्जात दिव्यांगत्वाचं कारण विचारतात, त्यात 'अपघात' हा पर्याय आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं मंडळ बसतं. पहिल्यांदा गेले तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे बघून सांगितलं की हाड अजून जुळतंय, उपचार संपून स्थिती स्थिर झाली की या. मी रडले. बाहेर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी पाणी दिलं. पण डॉक्टरांचं म्हणणं योग्य होतं. घाईने घेतलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र ना न्यायाधिकरणात टिकतं, ना शिष्यवृत्तीला पुरतं.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बोलावलं. सांधा किती वाकतो हे मोजपट्टीने मोजतात, स्नायूंची ताकद बघतात, दोन्ही पायांची लांबी मोजतात, चालायला, एका पायावर उभं राहायला, खाली बसायला लावतात. टक्केवारीचं सूत्र केंद्राच्या राजपत्रात ठरवून दिलेलं आहे, डॉक्टरांच्या मनावर ते नसतं. सगळी डिस्चार्ज कार्डं, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि नसेची तपासणी बरोबर नेली होती. माझ्या बाबतीत पाऊल उचलता न येण्याचा भाग त्या नसेच्या अहवालामुळेच धरला गेला. ४२ टक्के, डाव्या पायाचं कायमस्वरूपी दिव्यांगत्व. आकडा वाचताना काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. ४० च्या वर आहे याचा सुटकेचा श्वास आणि आता हे कायमचं आहे याचं दुःख, दोन्ही एकदमच आलं. ४० टक्क्यांची रेषा महत्त्वाची आहे, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा आणि बहुतेक शिष्यवृत्त्या तिथून सुरू होतात.

डिप्लोमाचं एक वर्ष गेलंच होतं. २०२३-२४ मध्ये तिसरं वर्ष पुन्हा केलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पास झाले. थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला सिव्हिलच घेतलं. पुष्कळांनी सुचवलं की कॉम्प्युटर घे, बसून काम आहे. मला पूल आवडतात. साइटवर मचाणावर चढता येणार नाही, पण संरचनेचं डिझाइन टेबलावर बसूनच होतं.

सक्षम शिष्यवृत्ती मला कॉलेजातच कळली. ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची आहे. परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत डिग्री किंवा डिप्लोमा करणाऱ्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. वर्षाला ५०,००० रुपये, एकरकमी थेट खात्यात. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना तीन वर्षं मिळते. फी, पुस्तकं, लॅपटॉप, काय घ्यायचं ते आपण ठरवायचं. माझ्यासाठी त्यात पायात घालायचा आधार, म्हणजे ब्रेस, आणि कॉलेजजवळच्या तळमजल्यावरच्या खोलीचं भाडं बसलं. नाहीतर दोन जिने चढून रोज राहावं लागलं असतं.

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. आधी एकदाच करायची नोंदणी, त्यात आधारवरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. हे काम दिवसा खिडकीपाशी बसून केलं तर लवकर होतं. मग उत्पन्नाचा दाखला: आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज, तलाठ्यांचा अहवाल, तहसीलदारांची सही. दाखला त्या त्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून पोर्टल उघडायची वाट न बघता आधीच काढून ठेवावा. कॉलेजचं बोनाफाईड, डिप्लोमाची गुणपत्रिका, प्रवेशाचं वाटपपत्र, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. बँक खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी रक्कम त्याच खात्यात येण्यासाठी जोडलेलं असणं वेगळं, हेही बँकेत जाऊन तपासा. ज्यांची दोन खाती असतात त्यांची रक्कम नको त्या खात्यात जाते.

अर्ज एकदा 'त्रुटी' म्हणून परत आला. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी आणि माझ्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच गळलं होतं. तीन कागदांवर तीन प्रकारची मी. कॉलेजच्या नोडल अधिकारी, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या मॅडमनी हमीपत्र करून घेतलं आणि प्रमाणपत्रातल्या नावाची दुरुस्ती स्वावलंबनवर टाकायला लावली. दुरुस्ती होईपर्यंत पोर्टलची शेवटची तारीख जवळ येत चालली होती आणि मला झोप लागत नव्हती. त्या मॅडमनी स्वतः फोन करून चौकशी केली. अर्ज वेळेत पुढे गेला. कॉलेजच्या पातळीवरची पडताळणी राहून गेल्यामुळे कितीतरी मुलांचे अर्ज तिथेच अडतात, त्यामुळे आपला अर्ज 'संस्थेने पडताळला' असा दिसेपर्यंत ऑफिसात जात राहणं आपलंच काम आहे. दुसरी एखादी शासकीय शिष्यवृत्ती घेत असाल तर दोन्हींचे नियम आधी वाचून घ्या. पैसे पुढच्या उन्हाळ्यात, २०२५ च्या मे महिन्यात आले. तोवर फी मामांनी भरली होती.

माझा उलटतपास त्याआधी झाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये. मी फार घाबरले होते. वकील मॅडमनी एवढंच सांगितलं: प्रश्न नीट ऐक, विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही मोबाइल बघत रस्त्यावर उभ्या होतात हे खरं आहे का. खोटं आहे, मी म्हणाले. मग पंचनाम्याचा नकाशा समोर आला आणि तो मुद्दा तिथेच संपला. फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही, जे घडलं असण्याची शक्यता जास्त आहे ते न्यायाधिकरण धरतं. चालकावरचा फौजदारी खटला वेगळ्या न्यायालयात अजून चालू आहे, आमचा दावा त्यासाठी थांबला नाही.

पुढचा प्रश्न असा की तुम्ही शिकताय, राखीव जागेवर प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचाही अर्ज केलाय, मग तुमचं नुकसान काय झालं? या प्रश्नाने आतून हलले. पाय अधू होऊन मिळालेल्या सवलती माझ्या नफ्यात धरल्या जात होत्या. मी म्हणाले, "डिप्लोमाच्या प्रत्येक सुट्टीत मी साइटवर जायचे. आता जाता येत नाही." न्यायाधीश साहेबांनी ते वाक्य तसंच लिहून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या कारणाने, दुसऱ्या हक्काने मिळणारी मदत भरपाईतून वजा करायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच महाराष्ट्रातल्या एसटीच्या एका प्रकरणात विमा आणि भविष्य निर्वाह निधीबद्दल सांगितलेलं आहे. वकील मॅडमनी तोच निकाल न्यायाधिकरणापुढे ठेवला. माझ्या निवाड्यात शिष्यवृत्तीचा एक रुपयाही वजा झाला नाही.

सगळ्यात जास्त वेळ डॉक्टरांच्या साक्षीला लागला. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, ते देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी येऊन सांगावं लागतं. त्यांची शस्त्रक्रियेची वेळ आणि कोर्टाची वेळ जुळेना. ऑगस्टमध्ये ते आले. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, ४२ टक्के पायाचे की सगळ्या शरीराचे? पायाचे, डॉक्टर म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला, पण हे असंच असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालाप्रमाणे न्यायाधिकरण प्रमाणपत्रातला आकडा जसाच्या तसा घेत नाही. त्या दुखापतीमुळे त्या माणसाची त्या कामातली कमाईची क्षमता किती घटली ते बघतं. सिव्हिल इंजिनियरला साइट बंद झाली, टेबल उरलं. माझ्या बाबतीत ती घट २५ टक्के धरली.

हिशेब कसा होतो तेही सांगते, कारण मला तो कुणी आधी सांगितला असता तर कितीतरी धास्ती कमी झाली असती. विद्यार्थ्याला पगार नसतो, म्हणून काल्पनिक उत्पन्न धरतात. माझं महिना १५,००० धरलं. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,०००. वर्षाचे २,५२,०००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे १५ ते २० वयाला गुणक १८, म्हणजे ४५,३६,०००. त्याचे २५ टक्के ११,३४,००० रुपये. यावर उपचारांची बिलं, पुढचा वैद्यकीय खर्च, वेदना, जगण्यातला गेलेला आनंद, देखभाल आणि प्रवास ही कलमं वेगळी. एक कलम 'विवाहाच्या संधी कमी झाल्याबद्दल' असंही होतं, एक लाख रुपये. ते दाव्यात घालताना मी मॅडमना नको म्हणाले होते. तरुण मुलींच्या दाव्यांत ते धरतात, सोडलं तर तेवढी रक्कम जाते, असं त्यांनी समजावलं. मी राहू दिलं. ते मला अजूनही बोचतं आणि कायद्याने मुलीच्या नुकसानाकडे बघायची ही रीत बदलावी असं मला वाटतं.

एकूण १८,०२,००० रुपये आणि दावा दाखल केल्यापासून सात टक्के व्याज. मध्ये एकदा राष्ट्रीय लोक अदालतीत कंपनी नऊ लाखांवर तयार झाली होती. तिथे लगेच मिटतं, पण त्यावर अपील नसतं. आम्ही नाही म्हणालो, कारण तेव्हा डॉक्टरांची साक्ष व्हायची होती. ज्यांना पैशांची निकड आहे त्यांच्यासाठी तोही मार्ग बरा आहे.

अपिलाला ९० दिवस असतात. कंपनीने अपील न करता फेब्रुवारी २०२६ मध्ये रक्कम जमा केली. निवाड्याप्रमाणे मोठा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला, त्याचं व्याज दर महिन्याला मला मिळतं. बाकी रकमेतून बाबांचं कर्ज फिटलं, मामांनी घेतले नाहीत. खात्यात पैसे आलेला मेसेज आईने आज्जीला वाचून दाखवला. आज्जी काही बोलली नाही, माझ्या पायावरून हात फिरवत बसली.

शिष्यवृत्तीचं या वर्षीचं नूतनीकरण झालं आहे. त्याला नवी नोंदणी लागत नाही, मागच्या वर्षी पास झाल्याची गुणपत्रिका आणि बोनाफाईड लागतं. पडताळणीच्या वेळी दिव्यांगत्वाचं मूळ प्रमाणपत्र मागितलं, ते दाव्यात निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद, म्हणून जमा होतं. स्वावलंबनच्या संकेतस्थळावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, उतरवून घेता येतं, ते चाललं. म्हणून मूळ कागद न्यायाधिकरणात देण्याआधी प्रत्येकाच्या रंगीत प्रती आणि सही-शिक्क्याच्या नकला काढून ठेवा. मूळ कागद परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. माझा तो अर्ज मॅडमनी तयार ठेवला आहे, पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.